लाटेकमधील प्रश्नचिन्हे आणि चुकीचे क्रमांक : अंतर्गत संदर्भ पुन्हा पुन्हा का तुटतात आणि ते कसे जोडावेत

शोधनिबंध लिहून होतो, लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत कंपाइल होतो, म्हणजे आज्ञांसह लिहिलेल्या मजकुरातून पीडीएफ तयार होते, ती उघडते, आणि दुसऱ्याच पानावर ‘आकृती ?? मध्ये दाखवल्याप्रमाणे’ असे वाक्य समोर येते. त्याच परिच्छेदात एखाद्या विधानानंतर चौकटी कंसात ठळक प्रश्नचिन्हही छापलेले असते. आपण पुन्हा कंपाइल करतो, तेव्हा काही प्रश्नचिन्हे जातात, काही तशीच राहतात, आणि पुढच्या मसुद्यात तोच प्रकार पहिल्यापासून सुरू होतो. स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे निबंध जुळवताना मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे. त्यावर ‘दोनतीनदा कंपाइल करा’ एवढेच उत्तर सहसा दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे, कारण प्रश्नचिन्ह उमटण्याची कारणे अनेक आहेत आणि पुन्हा कंपाइल केल्याने त्यांतले एकच दूर होते. शिवाय प्रश्नचिन्हापेक्षा अधिक घातक असा एक दोष याच यंत्रणेत दडलेला असतो. तो म्हणजे कोणतीही सूचना न देता छापला जाणारा चुकीचा क्रमांक. त्याचा विचार पुढे सविस्तर केला आहे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. लाटेक ज्या टेक या प्रणालीवर उभे आहे, ती डॉनल्ड क्नूथ यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार केली, आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात तिच्यावर लाटेकची रचना केली. टेक मजकुराची फाइल वरून खाली एकदाच वाचते आणि पान भरले की ते बाहेर टाकून पुढे जाते. मागच्या पानावर परत येऊन दुरुस्ती करण्याची सोय तिच्यात नाही. त्यामुळे दुसऱ्या पानावर पाचव्या पानावरच्या आकृतीचा उल्लेख आला, तर त्या क्षणी आकृतीचा क्रमांक टेकला ठाऊकच नसतो आणि तेथे प्रश्नचिन्हे छापली जातात. पुढे आकृतीपाशी खुणेचे नाव देणारी ‘लेबल’ ही आज्ञा भेटली की लाटेक त्या खुणेचे नाव, तिचा क्रमांक आणि पान ‘ऑक्स’ नावाच्या सहायक फाइलमध्ये लिहून ठेवते. दुसऱ्यांदा कंपाइल करताना दस्तऐवज सुरू होतानाच ती फाइल वाचली जाते, आणि मग त्या खुणेचा उल्लेख करणाऱ्या ‘रेफ’ या आज्ञेच्या जागी योग्य क्रमांक येतो. अनुक्रमणिका असल्यास तिसरी फेरीही लागते. पहिल्या फेरीत अनुक्रमणिका रिकामी असते, दुसऱ्या फेरीत ती भरते व पाने पुढे सरकवते, आणि सरकलेल्या पानांचे क्रमांक तिसऱ्या फेरीतच जुळतात. एकाहून अधिक पानांवर पसरणारे ‘लाँगटेबल’ही स्तंभांची रुंदी ऑक्स फाइलमध्येच साठवत असल्याने त्यालाही अशा फेऱ्या लागतात.

प्रश्नचिन्ह जात नसेल तर

पुरेशा फेऱ्या होऊनही प्रश्नचिन्ह राहिले, तर आणखी कंपाइल करत बसू नये. कंपाइल करताना लाटेक लिहून ठेवते ती लॉग फाइल उघडावी आणि तीत ‘अनडिफाइन्ड’ हा शब्द शोधावा. कोणत्या पानावर आणि मजकुराच्या कोणत्या ओळीत कोणती खूण सापडली नाही, हे तेथे स्पष्ट लिहिलेले असते. या शोधात एक बाब हमखास आड येते : लॉगमधील ओळ साधारणपणे ७९ वर्णांनंतर तोडली जाते. खुणेचे नाव लांब असेल तर त्याचा अर्धा भाग एका ओळीत आणि अर्धा पुढच्या ओळीत जातो, आणि पूर्ण नाव शोधले तर काहीच सापडत नाही. म्हणून नावाचे पहिले पाचसहा वर्ण शोधणे अधिक उपयोगाचे ठरते.

खुणेचे नाव हाती आले की ऑक्स फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडावी. ही फाइल पाहायची सवय फार थोड्या लोकांना असते, आणि निदानाची सर्वात सोपी जागा मात्र तीच आहे. तीत ‘न्यूलेबल’ने सुरू होणाऱ्या ओळी असतात, प्रत्येक ओळीत आधी खुणेचे नाव, मग महिरपी कंसात तिचा क्रमांक आणि त्यापुढच्या कंसात पान असते. पुढे आणखी काही कंस दिसले तरी त्यांकडे तूर्त दुर्लक्ष करावे. आपण शोधत असलेल्या नावाची ओळ तेथे नसेल, तर ‘लेबल’ आज्ञा लाटेकपर्यंत पोहोचलेलीच नाही असे समजावे. ती टक्के-चिन्हामागे गेलेली असते (त्या चिन्हापुढची ओळ लाटेक वाचत नाही), किंवा ‘इन्क्लूड’ने जोडलेले ते प्रकरण ‘इन्क्लूडओन्ली’च्या यादीतून वगळलेले असते आणि एकदाही पूर्ण कंपाइल झालेले नसते. ओळ आहे पण नाव किंचित वेगळे आहे, असे दिसले तर दोष स्पेलिंगचा. खुणांच्या नावांत कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे वेगळी मानली जातात, आणि नावाच्या मध्ये चुकून पडलेली मोकळी जागाही नावाचाच भाग होते.

ओळ आहे, नावही अचूक आहे, तरीही प्रश्नचिन्ह येते, असे झाल्यास आपण पाहत असलेली ऑक्स फाइल आणि लाटेक वाचत असलेली ऑक्स फाइल एकच आहे का, हे तपासावे. एडिटरमध्ये निर्मित फाइलींसाठी वेगळे फोल्डर ठरवून दिले असेल, तर जुनी ऑक्स फाइल मूळ जागी पडून राहते आणि नवी दुसरीकडे तयार होते. प्रकरणे उपफोल्डरमध्ये असतील आणि निर्मितीच्या फोल्डरात त्याच नावाचे उपफोल्डर नसेल, तर लाटेकला त्या प्रकरणाची ऑक्स फाइल लिहिताच येत नाही. रिकामे उपफोल्डर हाताने तयार केले की हा अडथळा दूर होतो.

सूचना न देणारा दोष

प्रश्नचिन्ह निदान डोळ्यांना दिसते. चुकीचा क्रमांक दिसत नाही, लॉगमध्ये त्याची नोंद नसते, आणि बहुतेक वेळा तो परीक्षकाला सापडतो. एका सहकाऱ्याच्या निबंधात सगळीकडे ‘आकृती ४’ असा उल्लेख होता आणि संपूर्ण निबंधात आकृत्या तीनच होत्या. संदर्भ तुटलेला नव्हता, कोणतीही वॉर्निंग नव्हती. मजकूर पाहिला तेव्हा आकृतीच्या वातावरणात, म्हणजे तिच्या ‘बिगिन’ आणि ‘एंड’ या आज्ञांमधल्या भागात, ‘लेबल’ची ओळ शीर्षक देणाऱ्या ‘कॅप्शन’च्या एक ओळ वर होती. दोन ओळींची अदलाबदल केली आणि पाचही ठिकाणचे उल्लेख दुरुस्त झाले.

याचे कारण असे : ‘लेबल’ स्वतः कोणताही क्रमांक ठरवत नाही. ज्या घटकाला सर्वात अलीकडे क्रमांक मिळालेला आहे, त्याचाच क्रमांक ती उचलते. आकृतीला क्रमांक देण्याचे काम आकृतीचे वातावरण करत नाही, ‘कॅप्शन’ करते. म्हणून ‘कॅप्शन’च्या आधी आलेले ‘लेबल’ चालू विभागाचा क्रमांक उचलते. वरच्या उदाहरणात ती आकृती चौथ्या विभागात होती. आकृतीचे वातावरण संपल्यानंतर लिहिलेले ‘लेबल’ही असेच फसते, कारण ‘कॅप्शन’ने दिलेला क्रमांक त्या वातावरणापुरताच लक्षात ठेवलेला असतो. तेव्हा नियम एकच पाळावा, की ‘लेबल’ हे ‘कॅप्शन’च्या लगेच नंतर आणि वातावरणाच्या आत असावे. उपआकृत्यांनाही हाच नियम लागू होतो. प्रत्येक उपआकृतीचे ‘लेबल’ तिच्या स्वतःच्या ‘कॅप्शन’नंतर लिहावे. लाँगटेबलमध्ये ‘कॅप्शन’, त्याला लागून ‘लेबल’ आणि मग ओळ संपवणारे दोन बॅकस्लॅश, असा क्रम ठेवावा. यादीत ‘लेबल’ त्या ‘आयटम’नंतर येते, आणि ‘अलाइन’मधील समीकरणांत प्रत्येक ओळीचे ‘लेबल’ त्या ओळीच्या शेवटच्या बॅकस्लॅशांच्या आधी येते.

तारांकित, म्हणजे क्रमांक नसलेल्या विभागाला ‘लेबल’ दिले तर मागच्या क्रमांकित विभागाचा आकडा येतो. ऋणनिर्देश किंवा अशाच एखाद्या क्रमांक नसलेल्या विभागाकडे निर्देश करायचा असेल, तर क्रमांकाऐवजी ‘पेजरेफ’ने पान द्यावे. एकच नाव दोन ठिकाणी दिले गेले असेल, तर शेवटी आलेल्या खुणेचा क्रमांक सगळीकडे जातो. याची वॉर्निंग लॉगमध्ये ‘मल्टिप्लाय डिफाइन्ड’ या शब्दांनी येते, पण ती इतर वॉर्निंगांच्या गर्दीत हरवते. जुनी आकृती कॉपी करून नवी तयार करताना हा दोष हमखास शिरतो.

या सगळ्यावर मला सर्वात उपयोगी पडलेले साधन म्हणजे ‘क्लेव्हररेफ’ हे पॅकेज, म्हणजे लाटेकला जोडायचा तयार आज्ञांचा संच. त्यातील ‘सीरेफ’ ही आज्ञा क्रमांकाबरोबर ‘आकृती’, ‘तक्ता’, ‘विभाग’ यांसारखा शब्दही स्वतःच छापते. लिहिण्याचा वेळ वाचतो हा त्याचा लहान फायदा. मोठा फायदा असा, की ‘लेबल’ चुकीच्या जागी असेल तर ‘आकृती ४’च्या ठिकाणी ‘विभाग ४’ असे छापले जाते आणि लपलेला दोष वाक्यातच उघडा पडतो. पॅकेजांचा क्रम मात्र सांभाळावा लागतो : पानाचा उल्लेख शब्दांत करणारे ‘व्हॅरियोरेफ’ वापरत असल्यास ते आधी, मग संदर्भांना क्लिक करता येणारे दुवे देणारे ‘हायपररेफ’, आणि ‘क्लेव्हररेफ’ त्याच्याही नंतर. ‘क्लेव्हररेफ’ वापरायचे नसेल, तर मसुदा तपासताना निदान ‘शोकीज’ हे पॅकेज जोडावे. ते प्रत्येक खुणेचे नाव पानावरच छापून दाखवते, आणि छापील प्रत हातात घेऊन नाव व क्रमांक ताडून पाहता येतात. साधे ‘रेफ’ वापरणाऱ्यांनी ‘आकृती’ हा शब्द आणि आज्ञा यांच्यामध्ये मोकळ्या जागेऐवजी टिल्ड चिन्ह (~) लिहावे, म्हणजे शब्द ओळीच्या शेवटी आणि क्रमांक पुढच्या ओळीच्या सुरुवातीला अशी ताटातूट होत नाही.

संदर्भसूचीतील प्रश्नचिन्हे

चौकटी कंसातील प्रश्नचिन्ह वेगळ्या साखळीतून येते. ‘साइट’ ही आज्ञा कोणत्या ग्रंथाचा उल्लेख झाला एवढेच ऑक्स फाइलमध्ये लिहिते. पुढे ‘बिबटेक’ हा स्वतंत्र प्रोग्राम ती यादी वाचतो, ग्रंथांची माहिती साठवलेल्या ‘बिब’ फाइलमधून त्या नोंदी उचलतो आणि तयार संदर्भसूची ‘बीबीएल’ फाइलमध्ये लिहितो. म्हणून लाटेक, बिबटेक, लाटेक आणि पुन्हा लाटेक, असा क्रम लागतो. यातील बिबटेकची पायरी सुटली, तर लाटेक कितीही वेळा चालवले तरी प्रश्नचिन्हे हलत नाहीत. ‘लाटेकएमके’ ही आज्ञा-रेषेवरची उपयुक्तता हा सगळा क्रम स्वतः ओळखून आवश्यक तेवढ्या फेऱ्या करते. हाताने क्रम सांभाळण्यापेक्षा तीच वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ओव्हरलीफसारख्या ऑनलाइन एडिटरच्या मागेही लाटेकएमकेच काम करते.

‘बिबलाटेक’ हे पॅकेज वापरणाऱ्यांचा गोंधळ आणखी एका ठिकाणी होतो. या पॅकेजचा मूळ साथीदार ‘बायबर’ आहे, बिबटेक नाही, पण अनेक एडिटरांत संदर्भसूचीच्या बटनामागे बिबटेक जोडलेले असते. अशा वेळी आपल्याला एकही ‘सायटेशन’ आज्ञा सापडली नाही, अशी तक्रार बिबटेक करते. लेखकाने तर मजकुरात पन्नास ठिकाणी ‘साइट’ लिहिलेले असते, त्यामुळे ही तक्रार त्याला अनाकलनीय वाटते. एडिटरच्या सेटिंगमध्ये बिबटेकच्या जागी बायबर निवडले की काम होते. बिबलाटेकमध्ये न सापडलेल्या नोंदीच्या जागी प्रश्नचिन्हाऐवजी नोंदीची किल्लीच, म्हणजे ‘साइट’मध्ये लिहायचे तिचे सांकेतिक नावच, ठळक अक्षरांत छापली जाते, हेही लक्षात ठेवावे. पीडीएफमध्ये केवळ प्रश्नचिन्हे शोधली तर हे दोष निसटतात.

क्रम बरोबर असूनही मोजकीच प्रश्नचिन्हे राहत असतील, तर बिबटेकचा स्वतःचा लॉग, म्हणजे ‘बीएलजी’ फाइल पाहावी. किल्ली सापडली नाही, तीत अक्षरांचा लहानमोठेपणा जुळला नाही, किंवा एखाद्या नोंदीत स्वल्पविराम राहिला, हे तेथे कळते. स्वल्पविराम राहिलेल्या जागी बिबटेक त्या नोंदीचा उरलेला भाग सोडून देते. त्यामुळे कधीकधी सूचीत लेखकाचे नाव येते आणि वर्ष किंवा नियतकालिकाचे नाव गायब असते; हा दोष संदर्भशैलीचा आहे असे समजून लोक शैलीची फाइल चाळत बसतात. बिब फाइलमध्ये टक्के-चिन्ह लावून नोंद झाकता येते, हाही एक व्यापक गैरसमज आहे. बिबटेक टक्के-चिन्हाला मानत नाही. ॲट चिन्ह दिसले की ते नोंद वाचू लागते, आणि झाकलेली जुनी नोंद व तिच्याच किल्लीची नवी नोंद एकमेकींशी भांडतात. नको असलेली नोंद फाइलमधून काढून टाकणे हाच सुरक्षित उपाय आहे.

क्रमाने अंक देणाऱ्या शैलीत कधी निबंधातील पहिलाच उल्लेख ७ या अंकाने सुरू होतो. आकृत्यांच्या शीर्षकांत ‘साइट’ असेल आणि निबंधाच्या आरंभी आकृत्यांची यादी छापली जात असेल, तर ती यादी आधी वाचली जाते आणि १ ते ६ हे अंक तेथेच खर्च होतात. ‘कॅप्शन’ला चौकटी कंसात उल्लेखाविना छोटे शीर्षक दिले की क्रम पूर्ववत होतो.

सहायक फाइली कधी पुसाव्यात

काहीही बिघडले की सर्व सहायक फाइली पुसून टाकण्याची सवय अनेकांना असते. मी ती पहिल्या क्रमांकाचा उपाय मानत नाही, कारण पुसल्यावर निदानाचा पुरावाही जातो. दोन प्रसंगी मात्र ती आवश्यक आहे. कंपाइल मध्येच थांबले असेल, तर ऑक्स फाइल अर्धवट लिहिली जाते आणि पुढच्या वेळी लाटेक पहिल्या पानाच्या आधीच अडखळते. एखादे पॅकेज काढून टाकले असेल, तर त्या पॅकेजच्या आज्ञा जुन्या ऑक्स फाइलमध्ये शिल्लक राहतात आणि ‘अनडिफाइन्ड कंट्रोल सिक्वेन्स’ अशी एरर येते. ती दाखवत असलेली ओळ आपल्या मजकुरातली नसून ऑक्स फाइलमधली आहे, हे बारकाईने वाचले की लक्षात येते. ओव्हरलीफवर यासाठी साठवलेल्या फाइली काढून पहिल्यापासून कंपाइल करण्याचा पर्याय आहे.

क्रमांक बरोबर, दुवा चुकीचा

हायपररेफमुळे संदर्भांवर क्लिक करून इच्छित स्थळी जाता येते, आणि तेथे एक निराळीच अडचण उभी राहते. निबंधाच्या पूरक भागात आकृत्यांचे क्रमांक ‘एस १’, ‘एस २’ असे हवे असतात. त्यासाठी आपण आकृत्यांचा गणक शून्यावर आणतो आणि आकृतीचा क्रमांक कसा छापायचा हे ठरवणारी ‘दफिगर’ ही आज्ञा नव्याने लिहितो. छापील क्रमांक अचूक येतो, पण ‘आकृती एस १’वर क्लिक केले की वाचक मुख्य निबंधातील आकृती १ वर पोहोचतो. हायपररेफ दुव्याचे नाव ‘दएचफिगर’ या वेगळ्या आज्ञेवरून ठरवते. तिच्या मधला एच कॅपिटल असतो. ती तशीच राहिल्यामुळे दोन आकृत्यांच्या दुव्यांना एकच नाव मिळते. तीही त्याच प्रकारे बदलली की दुवा ठिकाणावर येतो. लॉगमध्ये ‘सेम आयडेंटिफायर’ अशी वॉर्निंग दिसली, तर ती याच जातीची असते. मुखपृष्ठाचे आणि पहिल्या पानाचे क्रमांक सारखे झाले, तरी ती येते.

पूरक भाग स्वतंत्र फाइल असेल आणि तीतून मुख्य निबंधातील आकृतीचा उल्लेख करायचा असेल, तर ‘एक्सआर’ हे पॅकेज दुसऱ्या दस्तऐवजाची ऑक्स फाइल वाचून देते. लाटेकच्या जुन्या आवृत्त्यांत हायपररेफसोबत त्याचे ‘एक्सआर-हायपर’ हे रूप लागत असे. मुख्य निबंध आधी कंपाइल झालेला असला पाहिजे, आणि त्याची ऑक्स फाइल पुसलेली नसली पाहिजे.

पाठवण्यापूर्वी

स्वतःच्या संगणकावर निर्दोष दिसणारा निबंध नियतकालिकाच्या प्रणालीत गेल्यावर प्रश्नचिन्हांनी भरतो, याची कारणे बहुधा दोन असतात. काही प्रणाली बिबटेक चालवत नाहीत, म्हणून बीबीएल फाइल सोबत द्यावी लागते आणि तिचे नाव मुख्य फाइलच्या नावासारखेच ठेवावे लागते. फाइलचे नाव ऐनवेळी बदलले की ही जोडी तुटते. बिबलाटेकच्या बाबतीत बीबीएल फाइल ज्या आवृत्तीने तयार झाली, तिच्याशी मिळतीजुळती आवृत्ती समोरच्या प्रणालीतही असावी लागते. दुसरे कारण फाइलींच्या नावांतील कॅपिटल अक्षरे. विंडोजवर ती नजरेआड होतात, लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरवर होत नाहीत, आणि मग बिब फाइलच सापडत नाही. म्हणून पाठवण्यापूर्वी एक नवे, रिकामे फोल्डर तयार करावे, पाठवायच्या तेवढ्याच फाइली तेथे ठेवाव्यात, पहिल्यापासून कंपाइल करावे, आणि तयार झालेल्या पीडीएफमध्ये प्रश्नचिन्ह शोधावे. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि मी ते एकदाही टाळत नाही.

एक विरळ प्रकार राहिला. कधीकधी दहा वेळा कंपाइल केले तरी ‘लेबल्स मे हॅव चेंज्ड’ ही वॉर्निंग जात नाही, आणि लाटेकएमकेही ठरलेल्या कमाल फेऱ्या संपवून थांबते. व्हॅरियोरेफ ‘मागील पानावर’ किंवा ‘पान १२ वर’ असे शब्द स्वतः निवडते. आकृती नेमकी पानाच्या सीमेवर असेल, तर एका शब्दयोजनेने मजकूर एका ओळीने वाढतो आणि आकृती पुढच्या पानावर जाते, ती पुढे गेल्यामुळे शब्दयोजना बदलते, मजकूर आखडतो आणि आकृती परत मागे येते. हे चक्र कोणत्याही पॅकेजने थांबत नाही. पीडीएफच्या लागोपाठच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून कोणती आकृती हलते ते पाहावे, आणि तेवढ्या एका उल्लेखात व्हॅरियोरेफची आज्ञा काढून साधे ‘रेफ’ लिहावे. पुढच्या दोन फेऱ्यांत वॉर्निंग नाहीशी होते.